अकरावा ग्लास

"दोन किलो एकशे ऐंशी," असं स्वतःशीच पुटपुटत त्याने कुंडी पार्सलच्या काट्यावरून उचलली आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली.

रांगेत पहिला उभा असलेला माणूस हातातलं खोकं सावरत म्हणाला, "कुठे पाठवताय हो झाड? वाटेत पाणी कोण घालणार त्याला?"

"ते जाणारं नाही, राहणारं आहे. तुमचं खोकं द्या इकडे."

खोकं हातात येताच तो म्हणाला, "साडेसातशे." मग ते काट्यावर ठेवलं. काटा म्हणाला, सातशे साठ. रांगेतल्या दोघाचौघांनी माना डोलावल्या. हा खेळ त्यांच्या पाहण्यातला होता. पोस्टाच्या या खिडकीत बसून त्याला सत्तावीस वर्षं झाली होती. हातात आलेल्या वस्तूचं वजन त्याच्या तोंडातून आपोआप बाहेर पडे. ऑफिसात त्याला कुणी नावाने हाक मारत नसे. सगळे त्याला 'काटा' म्हणत, आणि तोही ओ देई.

शेजारच्या खिडकीत तिकिटं विकणाऱ्या ताई बसत. त्यांच्या डोक्यामागे भिंतीवर पंखा होता आणि त्याचा झोत त्यांच्या खांद्यावरून थेट खिडकीच्या कट्ट्याकडे येई. त्या कुंडीकडे पाहून म्हणाल्या, "अहो काटा, कालही वजन केलंत, आजही केलंत. बाळ अंग धरतंय का?"

"उतरतंय," तो म्हणाला.

ताईंचं हसू ओसरलं. झाड कुणाचं आहे, ते त्यांना ठाऊक होतं.

झाड त्याच्या बायकोचं होतं. दोन वर्षांपूर्वी तिचं हृदय थकत चाललंय असं निदान झालं, तेव्हा दवाखान्यातल्या बाकाशेजारच्या कुंडीतून तिने परवानगी मागून एक फांदी आणली होती. तळहाताएवढी रुंद, मऊ पानं. नाव दोघांनाही माहीत नव्हतं. "दोन दिवसांचा पाहुणा आहे, जगला तर जगला," असं म्हणत तिने फांदी मातीत खोचली, आणि तेव्हापासून झाडाचं नाव 'पाहुणा' पडलं. पाहुणा जगला. ती गेली, त्याला आता दहा महिने झाले होते.

दिवसभर घर बंद, खिडक्या बंद. फोनवर मुलगी म्हणाली होती, "बाबा, उजेड लागतो त्याला." म्हणून तीन आठवड्यांपूर्वी त्याने कुंडी पिशवीत घालून ऑफिसात आणली. इथे उजेड भरपूर होता. पाणी तो न चुकता घालत होता, बायको घालायची तेवढंच, एका खुणेच्या ग्लासाने. तरी रोज चारच्या सुमारास पाहुणा मान टाकायचा. खालच्या पानांच्या कडा तपकिरी होऊन कुरकुरीत झाल्या होत्या.

परवाच्या रविवारी मुलीने नेहमीप्रमाणे विचारलं, "आईचं झाड कसं आहे?" ती हल्ली एवढंच विचारत असे. त्याला खोटं बोलता येत नव्हतं. ती म्हणाली, "मी पुढच्या रविवारी येते. माझ्याकडे घेऊन जाईन. तुमच्याकडून नाही व्हायचं ते."

शेवटचं वाक्य तिने रागाने म्हटलं नव्हतं. राग असता तर त्याला बरं वाटलं असतं.

म्हणून सोमवारपासून त्याने वजन सुरू केलं. काही समजेनासं झालं की वजन करून पाहायचं, एवढी एकच गोष्ट त्याला आयुष्यात नीट येत होती. सकाळी पाणी घातल्यावर दोन किलो दोनशे. संध्याकाळी पाचला दोन किलो ऐंशी. दिवसात एकशे वीस ग्रॅम पाणी कुठेतरी जात होतं, आणि ग्लास शंभराचा होता.

"पण जातं कुठे?" त्या मंगळवारी तो ताईंना विचारत होता. "कुंडीखाली बशी आहे. बशी कोरडी ठणठणीत."

"आम्हाला काय विचारता? आम्ही फक्त तिकिटं विकतो," ताई म्हणाल्या.

"हवेत जातं," रांगेतून उत्तर आलं.

रांगेत निवृत्त शिक्षिका उभ्या होत्या. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाल्याला त्यांना बारा वर्षं झाली होती, तरी सगळे त्यांना 'बाई'च म्हणत. दर मंगळवारी त्या नातवाला एक पाकीट पाठवत. कधी त्यात वाळलेली पानं असत, कधी नुसतं एखादं कोडं. पाकीट पुढे सरकवून त्या म्हणाल्या, "हात पुढे करा. दोन्ही."

त्याने केले. बाईंनी ताईंच्या टेबलावरचा तिकिटं भिजवायचा ओला स्पंज उचलला आणि त्याच्या दोन्ही मनगटांवर एकेक ठिपका उमटवला.

"आता उजव्यावर फुंकर मारा. डाव्याला हात लावायचा नाही. मारा, लाजताय काय? सहावीतली पोरं लाजत नव्हती."

रांग पुढे झुकून बघू लागली. त्याने फुंकर मारली. उजवं मनगट गार पडलं आणि बघता बघता कोरडं झालं. डावं अजून ओलंच होतं.

"पानातून सारखं पाणी वाफ होऊन बाहेर पडत असतं," बाई म्हणाल्या. त्या सावकाश बोलत, प्रत्येक वाक्यानंतर समोरच्याच्या चेहऱ्यावर ते उतरलं का ते बघत. "बाहेर पडलेली ती वाफ पानाला बिलगून राहते. ओलसर हवेचं पातळ पांघरूण म्हणा. ते अंगावर असलं की आतलं पाणी बाहेर यायला फारशी घाई करत नाही. वारा आला की पांघरूण ओढून नेतो. पान पुन्हा वाफ सोडतं, वारा पुन्हा नेतो. तुम्ही याला कुठे ठेवलंय बघा."

त्याने बघितलं. पंख्याच्या झोतात पाहुण्याची पानं एकसारखी हलत होती. आतापर्यंत त्याला ती खेळताहेत असं वाटत होतं.

"म्हणजे माझ्या पंख्याने?" ताई दचकून म्हणाल्या. "अहो, मला काय माहीत! माझ्या वयाच्या बाईला पंख्याशिवाय बसवत नाही."

"तुमचा काही दोष नाही. आणि माझ्या शब्दावरही विश्वास ठेवू नका," बाई म्हणाल्या. "काटा तुमच्याकडे आहे. एक दिवस पंखा बंद, एक दिवस मंद, एक दिवस पूर्ण वेगात. कुंडीला मातीवरून प्लॅस्टिकची पिशवी बांधा, म्हणजे मातीतलं पाणी उडणार नाही आणि फक्त पानांचा हिशोब लागेल. रोज सकाळी पाणी मात्र पोटभर द्यायचं. मी शनिवारी येते बघायला."

"देतो मोजून," तो म्हणाला.

"मोजून नको. पोटभर," बाई म्हणाल्या आणि पाकिटाची पावती घेऊन गेल्या.

बुधवारी पंखा बंद राहिला. ताई दिवसभर रिकाम्या पाकिटाने वारा घेत बसल्या आणि दर तासाला म्हणाल्या, "झाडासाठी घाम गाळणारी मी पहिलीच." साहेब केबिनमधून बाहेर आले. ते वयाने त्याच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान होते आणि सरकारी वस्तूंबद्दल फार दक्ष होते.

"पंखा बिघडलाय का? आणि हे झाड सरकारी काट्यावर काय करतंय?"

"प्रयोग आहे, साहेब," ताईच म्हणाल्या. "वाऱ्याने झाड किती पाणी पितं त्याचा."

साहेब काहीतरी कडक बोलणार होते. पण कुंडीला पार्सलच्या सुतळीने इतकी नीटनेटकी पिशवी बांधली होती, की त्यांना विचारायला एकच प्रश्न सुचला. "मग किती?"

"संध्याकाळी कळेल."

पाच वाजता चौघं काट्याभोवती उभी होती. झाडूवाल्या मावशीही केरसुणी भिंतीला टेकवून आल्या होत्या. ऐंशी ग्रॅम. आणि पाहुण्याची मान ताठ होती. गुरुवारी पंखा दोनवर ठेवला, एकशे सत्तर ग्रॅम गेले. "दुपटीहून जास्त!" साहेब म्हणाले. शुक्रवारी पंखा पाचवर गेला. कागद उडू नयेत म्हणून ताईंनी शिक्के, डिंकाची बाटली, स्वतःचा चष्मा, जे मिळेल ते त्यांच्यावर ठेवलं. आज येणारा आकडा काय असेल यावर पैजा लागल्या. साहेब म्हणाले अडीचशे. ताई म्हणाल्या दोनशे तीस. त्याने स्वतः दोनशे म्हटलं.

संध्याकाळी काट्याने साठ दाखवले.

त्याने कुंडी उचलून पुन्हा ठेवली. साठच. काटा चुकत नव्हता. त्याने एक किलोचं प्रमाण वजन ठेवून तेही तपासलं.

"सवय झाली त्याला वाऱ्याची," साहेब म्हणाले. "बघा, आता फारसं लागत नाही."

हे वाक्य त्याने पूर्वी कुठेतरी ऐकलं होतं.

शनिवारी झाडाला पाणी घालायच्या आधीच बाई आल्या. त्यांनी कागदावरचे तीन आकडे वाचले आणि शाळेतल्या मुलाने फळ्यावर बरोबर उत्तर लिहिल्यावर होत असाव्यात तशा खूश झाल्या. मग पानांना हात लावला, आणि त्यांचा चेहरा बदलला. पिशवी सोडून त्यांनी मातीत बोट खुपसलं. बोट कोरडंच बाहेर आलं.

"पोटभर पाणी दिलं होतंत?"

"रोज एक ग्लास. खुणेपर्यंत."

"कसली खूण?"

त्याने टेबलाच्या खणातून स्टीलचा ग्लास काढला. आतल्या बाजूला, अर्ध्याच्या जरा खाली, सुईने ओढलेली एक रेघ होती. बाईंनी ती पाहिली.

"हे बघा," त्या म्हणाल्या, "पानाच्या खालच्या अंगाला असंख्य बारीक तोंडं असतात. आपल्याला दिसत नाहीत. पाणी त्यातून बाहेर जातं. वारा सुटला की जास्त जातं, तेवढं मुळांनी वर पाठवायचं. पण वारा फारच झाला आणि मुळांना पाणीच मिळेना, की पान काय करतं? तोंडं मिटून घेतं. मग काटा म्हणतो, आज पाणी कमी गेलं. आपल्याला वाटतं, चला, निभावलं. खरं तर त्याची तहान कमी झालेली नसते. त्याने फक्त तोंड मिटलेलं असतं. आणि अन्न बनवायला लागणारी हवाही त्याच तोंडांतून आत जाते, म्हणून असं झाड फार दिवस काढत नाही."

रांगेतून कुणीतरी म्हणालं, "काका, माझं पार्सल." त्याला ऐकू आलं नाही. ताई उठून त्याच्या खुर्चीत बसल्या आणि पार्सल घेऊ लागल्या.

तो मागच्या खोलीत जाऊन पोत्यांजवळ उभा राहिला.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, दिवसाला एक लिटर पाणी, त्याहून घोटभरही जास्त नको. अंगात पाणी साठलं तर हृदयाला झेपणार नाही. रोज सकाळी वजन करा, एकदम किलोभर वाढलं तर फोन करा. डॉक्टरांना असा नवरा क्वचितच भेटला असेल. त्याने सुईने ग्लासावर खूण केली, शंभराची. असे दहा ग्लास. वजनाची वही ठेवली. वर्षभर त्या वहीत एक खाडा नव्हता.

ती दहा ग्लास प्यायची आणि अकरावा भरून पाहुण्याला घालायची. "दहा माझे, अकरावा त्याचा. त्यालाही माझ्यासारखं मोजून पिणं कळू दे," असं म्हणायची. एका संध्याकाळी तो दारात उभा असताना ती कुंडीपाशी पाठमोरी होती, आणि अकरावा ग्लास जरा जास्तच वेळ वर होता. ती वळली तेव्हा तिचे ओठ ओले होते. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "उद्यापासून झाडाला मी घालत जाईन. तू कशाला वाकतेस?"

ती म्हणाली, "बरं. पिईल तो तुमच्या हातचं."

मग तो उन्हाळा आला. तिचा जीव घाबरायचा, म्हणून त्याने पलंग पंख्यासमोर आणला आणि पंखा पाचवर ठेवला, दिवसरात्र. तेवढं एकच तो मोजमापाशिवाय देऊ शकत होता. मुलगी आली होती. म्हणाली, "बाबा, पंखा कमी करा, ओठ बघा तिचे. सोलून निघालेत. एक घोट द्या ना तिला." तो म्हणाला, "दहा झाले आजचे." मुलगी उठून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ तिथेच राहिली.

शेवटचे चार दिवस तिने पाणी मागितलं नाही. दहापैकी सहाच ग्लास संपायचे. त्याला हायसं वाटलं होतं. मुलगी परत गेली होती. तिला त्याने फोन करून सांगितलं होतं, "आता मागत नाही. सवय झाली तिला."

पोत्यांवर हात टेकून तो उभा राहिला. पार्सलची पोती, वीस किलो, बावीस किलो. हात लावताच वजन कळत होतं.

रविवारी मुलगी अकराच्या सुमाराला आली. शनिवारी ऑफिस सुटताना त्याने कुंडी घरी आणली होती. घरात आल्यावर त्याने आधी बंद खिडकी उघडली, कुंडी वाऱ्याच्या वाटेतून बाजूला, कपाटाच्या आडोशाला ठेवली, आणि मग नेहमीप्रमाणे ग्लास भरून पाणी घातलं. खुणेपर्यंत. सत्तावीस वर्षांचा हात एका दिवसात ऐकत नाही.

मुलीने चपला काढल्या, पिशवी ठेवली आणि थेट झाडापाशी गेली. पानं वर करून खालून बघितली. "वाळलंय," ती म्हणाली. "पण आहे."

"पंख्याने झालं. माझ्या लक्षात आलं नाही." तो उभाच होता. "वारा पाणी नेतो. मी वजन करून बघितलं. तू तेव्हा म्हणाली होतीस पंखा कमी करा म्हणून. तुझं बरोबर होतं."

ती पाठमोरीच होती. पान तिच्या बोटांतच राहिलं.

"आणि शेवटी ती मागत नव्हती ना, ते सवय झाली म्हणून नव्हतं. मी तुला फोनवर सांगितलं होतं तसं. ते चूक होतं. तहान होती तिला."

"बाबा, माहीत आहे मला."

"माहीत होतं?"

"मी तिच्याशी फोनवर बोलायचे ना. ती म्हणायची, किती वेळा नाही म्हणायला लावू त्यांना? नाही म्हणताना त्यांचा चेहरा बघवत नाही."

तो खुर्चीवर बसला. बाहेर कुणाचंतरी दार वाऱ्याने आपटत होतं, उघडत होतं, पुन्हा आपटत होतं.

"पाणी जास्त दिलं असतं तर आधीच गेली असती," मुलगी म्हणाली. "डॉक्टरांनी मला वेगळं सांगितलं होतं ते. तुम्ही दिलं नाहीत म्हणून एक वर्ष मिळालं. पंखा तेवढा जास्त होता." ती किंचित हसली, डोळे पुसले. "उन्हात चालत आलेय मी. पाणी तरी द्याल का?"

तो लगबगीने स्वयंपाकघरात गेला. ओट्यावर तोच ग्लास होता. माठातून पाणी काढलं, ग्लास आणून तिच्या हातात दिला.

तिने ग्लासात पाहिलं. मग त्याच्याकडे.

पाणी बरोबर रेघेवर होतं. ना वर, ना खाली.

तिने ग्लास परत पुढे केला. ग्लास घेऊन तो पुन्हा माठापाशी गेला आणि ओगराळ्याने पाणी ओतत राहिला. रेघ बुडाली. पाणी वर चढत गेलं, काठाला आलं, काठावर फुगलं, आणि एक थेंब त्याच्या अंगठ्यावरून खाली ओघळला. हातातलं वजन त्याने सांगितलं नाही. इतका भरलेला ग्लास घेऊन चालणं त्याला जमत नव्हतं. दारापर्यंत येताना फरशीवर थेंबांची एक ओळ पडली.

ती अर्धा ग्लास प्यायली. उरलेला तिने कुंडीत ओतला.

"अजून आण," तो म्हणाला, आणि लगेच स्वतःच उठला. "नको, तू बस. मी आणतो."

तो ग्लासामागून ग्लास आणत राहिला, मोजायचं विसरून. कुंडीखालच्या बशीत जेव्हा पहिल्यांदाच पाणी उतरलं, तेव्हा दोघंही वाकून ते बघत होती.

जाताना मुलीने झाड नेलं नाही. एक फांदी मात्र खुडून घेतली, ओल्या कागदात गुंडाळली, आणि वाटेत वारा लागू नये म्हणून पिशवीत अगदी खाली ठेवली.